जग वाचवायचंय, पण सवडीने

ओपन वर्ल्ड, म्हणजे वाटेल तिथे भटकू देणारा, गेम खेळणाऱ्याला "कसा आहे रे गेम?" असं चुकूनही विचारू नये. सिनेमाबद्दल विचारलं तर माणूस "बरा आहे, इंटरव्हलनंतर लांबलाय" एवढं सांगून मोकळा होतो. हा मात्र खुर्ची पुढे ओढतो, चहाचा कप बाजूला सरकवतो आणि "काल काय झालं माहितीये का" अशी सुरुवात करतो. काल जे झालं त्याचा गेमच्या कथेशी काडीचाही संबंध नसतो. कथेत राज्यं कोसळत असतात, ड्रॅगन गावं जाळत असतात, कुणाची तरी मुलगी हरवलेली असते. यानं काल दिवसभर घोड्याला गाजरं चारली.

आमचं टोळकं दर शनिवारी संध्याकाळी एका अमृततुल्यात जमतं. एक बँकेत आहे, एक दाताचा डॉक्टर, एक सीए, दोघं आयटीत, आणि एक माझी मावसबहीण, जी शाळेत गणित शिकवते आणि आम्हा सगळ्यांपेक्षा चांगली खेळते. सगळ्यांनी चाळिशी ओलांडली आहे किंवा ती समोर उभी आहे. विषय एकच, सध्या कोण कुठल्या जगात राहतंय. दुसऱ्याचं बोलणं संपायची वाट बघणं, याला आमच्यात ऐकणं म्हणतात.

या रोगाची लागण सायबर कॅफेत झाली. 'जीटीए व्हाइस सिटी' 2002 साली निघाला, यथावकाश आमच्या गल्लीत पोचला आणि प्रोजेक्टची माहिती काढायला म्हणून घरून मिळालेले पैसे मायामीसारख्या दिसणाऱ्या त्या शहरात खर्च होऊ लागले. तिथे मिशन करणं शक्यच नव्हतं. हातात एक तास, पाठीमागे ताटकळलेली चार पोरं, आणि काल सेव्ह केलेली फाइल आज कुणीतरी पुसलेली. रिमोटच्या हेलिकॉप्टरने इमारतीत बॉम्ब ठेवायचं ते कुप्रसिद्ध मिशन ज्याला जमलं त्याच्याकडे वर्गातल्या पहिल्या नंबरापेक्षा जास्त आदराने बघितलं जाई. बाकीचे नुसते फिरायचे. गाडी मिळवायची, कशी ते विचारू नका, रेडिओ लावायचा आणि किनाऱ्याने सुटायचं. पोलीस फारच मागे लागले तर कीबोर्डवर 'पँझर' टाइप करायचं की समोर रणगाडा हजर. असले कोड वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेले असत आणि पालकसभेला बाई ते पान उघडतील या भीतीने सांकेतिक लिपीत असत. टॉमी व्हर्सेटी नावाचा त्या गेमचा नायक एवढा कुणावर चिडलाय, हे मला कितीतरी वर्षांनी समजलं.

मग 2004 चा 'सॅन अँड्रियास' आला आणि त्याबरोबर 'हेसोयाम'. हा कोड टाइप केला की तब्येत ठणठणीत, अंगात चिलखत आणि खिशात अडीच लाख डॉलर. दहावीच्या कुठल्याही प्रमेयापेक्षा तो आम्हाला पक्का पाठ होता आणि आजही आहे. बँकवाला म्हणतो, गृहकर्जाचे अर्ज तपासताना काही चेहरे बघून त्याच्या ओठांवर तो येतो.

हा बँकवाला सध्या 'रेड डेड रिडेम्प्शन 2' मध्ये असतो. सध्या म्हणजे 2019 पासून, कॉम्प्युटरवर तो गेम आला तेव्हापासून. गोष्ट 1899 सालच्या अमेरिकेतली. आर्थर मॉर्गन हा दरोडेखोर, त्याची टोळी, आणि मागावर असलेला कायदा. दिवसभर बँकेत बसून रात्री बँक लुटण्यात काय मजा असेल असं आम्हाला वाटायचं. पण त्यानं अजून एकही बँक लुटलेली नाही, कारण कथा तिथवर सरकलीच नाही. तो मासे पकडतो. हरणाच्या पाऊलखुणा शोधत डोंगर पालथे घालतो. आर्थरची दाढी खरोखर वाढते, म्हणून ती करतो. बंदूक वापरून वापरून खराब होते, म्हणून तेल लावून पुसतो. आणि उरलेला सगळा वेळ घोड्याला देतो. खरारा करायचा, चारायचं, थोपटायचं, म्हणजे घोड्याचं आणि तुमचं नातं घट्ट होतं आणि तो गोळीबारात बिथरत नाही. तपशिलाचं वेड या गेमच्या निर्मात्यांना इतकं की कडाक्याच्या थंडीत घोड्याच्या एका खाजगी अवयवाचा आकारसुद्धा बदलतो. यासाठी कुणीतरी मीटिंग घेतली असणार, कुणीतरी नमुने करून दाखवले असणार आणि कुणीतरी "अजून थोडा कमी करा" असं सांगितलं असणार, या विचाराने आयटीतले दोघं अंतर्मुख झाले.

गेल्या पावसाळ्यात त्याचा हा घोडा रेल्वेखाली आला. तो शनिवारी आला तोच पडलेल्या चेहऱ्याने. आम्हाला वाटलं घरी काही झालं. त्यानं हळूहळू सांगितलं. रूळ ओलांडताना तो नकाशा बघत होता, बाजूने गाडी आली, आर्थर उडाला आणि वाचला. सेव्ह आधीच होऊन गेलं होतं, म्हणजे घोडा परत येणार नव्हता. आम्ही सगळे गप्प. घरी त्यानं आईला सांगितलं तेव्हा त्या माउलीने सरळ मनाने विचारलं, "अरे, मग दुसरा घेता येतो ना?" तो दोन दिवस आईशी मोजकंच बोलत होता. आता दुसरा घोडा आहे, पांढरा, पण "त्याची सर नाही" हे वाक्य ऐकल्याशिवाय आमचा चहा संपत नाही.

त्याची कथा संपलेली नसल्यामुळे आम्हा बाकीच्यांवर एक निर्बंध आहे. त्याच्यासमोर कुणी खोकायचं नाही. का, ते इथे लिहिता येत नाही, तो हा लेख वाचणार आहे. पण परवा सीएला चहाचा ठसका लागला तेव्हा चौघांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून बाहेर गेला आणि रस्त्यावर खोकून परत आला.

दाताच्या डॉक्टरचं दुखणं वेगळं. त्याचा मुक्काम 2015 च्या 'विचर 3' मध्ये. गेराल्ट हा राक्षस मारणारा माणूस मुलीसारख्या वाढवलेल्या सिरीला शोधतोय. तिच्या मागे भुतांसारखं सैन्य लागलंय, एकेक क्षण मोलाचा. आणि गेराल्ट खानावळीत बसून पत्ते खेळतोय. ग्वेंट नावाचा हा पत्त्यांचा डाव गेमच्या आत आहे आणि तो इतका लागला की पोलंडच्या निर्मात्या कंपनीला 2018 साली ग्वेंटचा वेगळा गेम काढावा लागला. डॉक्टर ज्याला भेटेल त्याच्याशी डाव मांडतो. लोहार, व्यापारी, सरदार, कुणीही. एका माणसाने रडत रडत सिरीचा माग सांगितला. त्याचं बोलणं होईपर्यंत डॉक्टर धीराने थांबला आणि मग विचारलं, "एक डाव टाकू या?" मावसबहिणीने त्याला एकदा सुनावलं, "अरे, बाप आहेस की कोण आहेस?" तर म्हणाला, "मुलगी सुखरूप आहे गं. मी जोपर्यंत पुढच्या मिशनला जात नाही तोपर्यंत तिला काही होत नाही. उलट मी गेलो की तिचे हाल सुरू." यावर उत्तर नव्हतं.

ओपन वर्ल्डमधल्या संकटाची ही शालीनता मला फार आवडते. ते ताटकळत राहतं. 2011 च्या 'स्कायरिम' मध्ये आल्डुइन नावाचा ड्रॅगन जग गिळायला निघालेला आहे, पण आमच्या पहिल्या आयटीवाल्याने लोकांच्या घरातले चमचे, बशा, चीजची चाकं गोळा करायला घेतली म्हणून तोही आकाशात घिरट्या घालत थांबलाय. चोरीची युक्ती तर अशी की दुकानदाराच्या डोक्यावर बादली पालथी घालायची. त्याला दिसत नाही, म्हणून तो हरकत घेत नाही. सगळं दुकान डोळ्यांदेखत, नव्हे बादलीदेखत, साफ. पुढे ओझं इतकं होतं की नायकाला धावता येत नाही आणि तो एकेक पाऊल टाकत घराकडे निघतो. "मग चमचे टाकून दे की," असं आम्ही म्हटलं. त्यानं आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझी आजी आठवली, जिने श्रीखंडाचा एकही डबा कधी फेकला नाही.

मावसबहीण घरी चहासुद्धा करत नाही, नवरा करतो. पण 2017 च्या 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' मध्ये तिची चूल विझत नाही. अळंबी, मांस, मिरच्या, सफरचंदं कढईत टाकून बघते, काय होतंय ते. काही वेळा असा पदार्थ तयार होतो की गेमच तो पडद्यावर धूसर करून दाखवतो. राजकन्या झेल्डा गेली शंभर वर्षं किल्ल्यात एकटीने एका राक्षसाला रोखून धरून आहे. "अजून एक भाजी होऊ दे," असं मावसबहीण तिला सांगते. या गेममध्ये दगडांखाली, झाडांच्या शेंड्यांवर कोरोक नावाचे 900 चिमुकले जीव लपलेत. प्रत्येक जण सापडला की एक बी देतो. तिने चिकाटीने सगळे 900 शोधले. बक्षीस म्हणून मिळते ती सोन्याची एक वस्तू, जिचा आकार सभ्य घरात नाव घेण्यासारखा नाही, आणि तिला वास येतो असं खुद्द गेमच सांगतो. आम्ही सगळे हसलो. ती अजिबात चिडली नाही. म्हणाली, "दहावीचे पेपर तपासल्यावर एवढंही मिळत नाही."

एवढं ऐकल्यावर माझं मत असं झालंय की मोकळं सोडलेला माणूस पराक्रम करत नाही, तो संसार थाटतो. कथा लिहायला लेखकांच्या फौजा बसवलेल्या असतात, संवादांना नट आणलेले असतात, आणि शनिवारी आमच्या टेबलावर त्यातलं एक वाक्यही येत नाही. येतो तो घोडा, तो पत्त्यांचा डाव आणि ते चमचे. कथा सगळ्यांची सारखीच, ती सांगून मान मिळत नाही. घोडा फक्त याचाच मेलेला असतो.

सीए याला अपवाद. त्याला संसारात रस नाही, त्याला ताळेबंद जुळवायचा असतो. 2007 च्या 'असॅसिन्स क्रीड' पासून एक पद्धत पडली, उंच मनोऱ्यावर चढायचं की आजूबाजूचा नकाशा उघडतो आणि त्यावर कामांची चिन्हं उगवतात. बाकीच्यांना ती चिन्हं बघून घाम फुटतो, याला भूक लागते. 'ओडिसी' मध्ये तो प्राचीन ग्रीसमध्ये होता. अथेन्स आणि स्पार्टा यांचं युद्ध पेटलंय आणि हा पेट्या मोजतोय. अ‍ॅक्रोपोलिसबद्दल विचारलं तर म्हणाला, "चांगली जागा आहे, क्लिअर केली." तिथे प्रत्यक्ष सॉक्रेटिस भेटतो, त्याच्याशी बोलता येतं. आम्हाला केवढी उत्सुकता. "फार प्रश्न विचारतो," सीए म्हणाला. "मी आता त्याचा रस्ता टाळतो."

'एल्डन रिंग' वर मात्र टेबलाचे दोन तट पडतात. 2022 चा हा गेम हिदेताका मियाझाकी यांनी घडवला आणि त्याची पुराणकथा 'गेम ऑफ थ्रोन्स' वाल्या जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी रचली, जी आमच्यापैकी एकालाही समजलेली नाही. गेम सुरू होतो, गुहेतून उजेडात यावं तर समोर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार. नवखा माणूस त्याच्यावर चाल करतो आणि मरतो. परत उठतो, परत मरतो. खरं तर त्याला वळसा घालून पुढे जाता येतं, नंतर ताकद कमावून परत येता येतं. पण ज्याला नोकरीत, संसारात, सोसायटीच्या सभेत सतत वळसा घालावा लागतो तो इथे कशाला घालेल? दुसरा आयटीवाला त्या स्वाराशी आठवडाभर भांडत होता. शेवटी जिंकला तेव्हा रात्री दीडला त्यानं आम्हा सगळ्यांना फोन केले, आणि आम्ही उचलले, हे विशेष.

या गेमची खरी गंमत जमिनीवर असते. खेळणारे एकमेकांसाठी निरोप लिहून ठेवू शकतात, पण स्वतःच्या शब्दांत नाही. ठरावीक शब्दांची यादी, ठरावीक साचे, त्यातून जुळवायचं. सह्याद्रीत दगडांवर रंगवलेले बाण असतात ना, काही वाटेला लावतात आणि काही थेट कड्यावर नेतात, तसं हे प्रकरण. "पुढे खजिना आहे" वाचून उडी मारावी तर खाली दरी. भिंतीसमोर "इथे गुप्त वाट" म्हणून शंभर निरोप आणि भिंत पक्की. कासवासमोर "कुत्रा" असं लिहून ठेवायची तर जगभर रूढी पडली आहे. कासव बघून कुत्रा म्हणायचं हे जपान, ब्राझील आणि सदाशिव पेठेत एकाच वेळी कुणाला सुचलं असेल, देव जाणे. आणि तुमचा निरोप दुसऱ्या कुणाला आवडला तर तुमच्या खेळातल्या पात्राची जखम भरून येते. आयटीवाला एकदा राक्षसाच्या हातून मरता मरता असा वाचला. कुठे तरी कुणाला तरी त्याचा कासवावरचा विनोद आवडला होता. ऑफिसात त्याच्या विनोदांना ही फळं आलेली नाहीत.

आमच्यातच एक गडकरी आहे, म्हणजे दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर जाणारा. तो बँकवालाच, पण त्याची ही बाजू वेगळी. त्याला कुणीतरी 2017 चा 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' दिला, ज्यात क्लोई फ्रेझर होयसळांचा खजिना शोधत आपल्या पश्चिम घाटात जीप घेऊन हिंडते. त्या भागाचं नावच 'द वेस्टर्न घाट्स'. धबधबे, देवळं, हिरवाई, हत्ती, सगळं बघण्यासारखं. शनिवारी आम्ही अभिप्राय विचारला. "एवढा घाट फिरली, पायाला एक जळू नाही," तो म्हणाला. "आणि एवढ्या वर चढून गेली, लिंबू सरबतवाली मावशी नाही. असा घाट नसतो." जपानी माणसं याबाबतीत उदार निघाली. 2020 च्या 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' नंतर त्सुशिमाच्या लोकांनी गेमच्या दोन अमेरिकी दिग्दर्शकांना बेटाचे पर्यटनदूत नेमलं. वादळात तिथल्या एका देवळाचं तोरण पडलं होतं, त्याच्या दुरुस्तीच्या वर्गणीत गेमच्या चाहत्यांनीही भर टाकली आणि 50 लाख येनची अपेक्षा असताना अडीच कोटींच्या वर जमले. ज्या गावी कधी गेलो नाही तिथल्या देवळासाठी खिशात हात घालायचा, हे मात्र मला मनापासून आवडलं.

नकाशा किती मोठा, यावर वाद होतोच. 'नो मॅन्स स्काय' वाले 18 वर अठरा शून्यं एवढे ग्रह असल्याचं सांगतात. पहिल्या आयटीवाल्याने त्यातल्या एका ग्रहाला, नाव देता येतं म्हणून, 'कोथरूड डेपो' असं नाव दिलंय. तिथे विषारी पाऊस पडतो आणि दूरवर कुणी दिसत नाही. तो तिथे पुन्हा गेलेला नाही.

डॉक्टरच्या घरी मध्यंतरी 'डेथ स्ट्रँडिंग' वरून पेटलं. हिदेओ कोजिमाच्या या गेममध्ये नायकाचं काम म्हणजे सामान पोचवणं. पाठीवर खोक्यांची चवड, नदीनाले, बर्फाळ डोंगर, आणि तोल सांभाळत चालणं. त्यात एक ऑर्डर पिझ्झाची. खोकं आडवंच राहिलं पाहिजे, तिरकं झालं की पिझ्झा गेला. डॉक्टर श्वास रोखून ते खोकं डोंगरापार घेऊन चालला होता. एवढ्यात आतून वहिनी म्हणाल्या, "अहो, चार दिवस झाले, दळण टाकलंय ते आणायचंय." डॉक्टर म्हणाला, "पाच मिनिटं, पिझ्झा पोचवतोय." गिरणी खालीच आहे, त्याच इमारतीत. वहिनींनी स्वतः जाऊन दळण आणलं आणि टीव्हीसमोर, बरोबर मधोमध, ठेवलं. पिझ्झा पडला.

आता सगळ्यांचं लक्ष 'जीटीए 6' कडे. पाचवा आला 2013 साली. तेव्हा जन्मलेली मुलं आता आपल्या बापांना खेळायला शिकवू लागली. सहाव्याची झलक डिसेंबर 2023 मध्ये दाखवली आणि 2025 सांगितलं, मग मे 2026 म्हणाले, मग 19 नोव्हेंबर 2026. दुसऱ्या आयटीवाल्याने त्या आठवड्याची रजा टाकली, कारण "घरी कार्य". मॅनेजरने अर्ज परत पाठवला. टीममधल्या सहा जणांच्या घरी त्याच आठवड्यात कार्य निघालं होतं, आणि सातवं स्वतः मॅनेजरकडे होतं.

पण सगळ्यात नेमका खेळाडू आमच्या टोळक्यात नाही. ते पहिल्या आयटीवाल्याचे काका. एसटीत चालक होते, आता निवृत्त. पुतण्याने जुना लॅपटॉप दिला, त्यात 'सॅन अँड्रियास' होता. काकांनी हौसेने दोन-चार गाड्या चालवून बघितल्या आणि मग त्यांना बस सापडली. त्या गेममध्ये बस घेऊन थांब्यावर थांबलं की माणसं चढतात आणि पैसे मिळतात. काकांना पुढे काही नको होतं. सकाळी पूजा झाली की गाडी काढतात. लाल सिग्नलला थांबतात. मागचे हॉर्न मारतात, काका हलत नाहीत. माउंट चिलियाडच्या चढाला गाडी जपून घेतात आणि उतरताना वेग वाढू देत नाहीत. रस्त्यांबद्दल त्यांचं मत बरं आहे, माणसांबद्दल नाही. "कुठेही आडवे येतात," म्हणतात. "आणि कंडक्टर दिलेला नाही. एकट्या माणसाने गाडी चालवायची की सुट्टे पैसे बघायचे?"

परवा आम्ही सगळे त्यांच्याकडे गेलो होतो. पुतण्याने त्यांना नीट समजावून सांगितलं, काका, हा जो तुमचा माणूस आहे सीजे, त्याच्या आईचा खून झालाय. शत्रूंनी गल्ली घेरलीय. सख्खा भाऊ स्वीट मदतीला बोलावतोय, फोनवर फोन करतोय.

काकांनी आरशात बघितल्यासारखं करून बस थांब्याला लावली.

"येतो ना फोन त्याचा," ते म्हणाले. "पण गाडी चालवताना मी घेत नाही."